आकार बदलला की पुन्हा वाचा

रीसेस नावाची शेंगदाण्याच्या लोण्याची चॉकलेटं अमेरिकेत घरोघरी माहीत आहेत. नारिंगी पाकीट आणि आत चुणीदार कडेच्या छोट्या वाट्या. एच. बी. रीस यांनी 1928 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्या करायला घेतल्या आणि 1963 मध्ये त्यांची कंपनी हर्शी कंपनीत विलीन झाली. हेच चॉकलेट ऑक्टोबरात भोपळ्याच्या आकारात मिळतं, डिसेंबरात ख्रिसमसच्या झाडाच्या, फेब्रुवारीत बदामाच्या आणि ईस्टरला अंड्याच्या. माझ्या नातीला सिलिॲक हा आजार आहे; गव्हातलं ग्लूटेन तिला चालत नाही. नेहमीची वाटी ती खाते. भोपळा, झाड, बदाम आणि अंडं आम्ही तिला देत नाही.

वाटीच्या पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं छापलेलं असतं आणि सणाच्या आकारांवर ते नसतं. कंपनी आपल्या ग्लूटेनमुक्त मालाची यादी जाहीर करते. मी पाहिलेल्या यादीत रीसेसच्या वाट्या आहेत, पण सणाचे आकार आणि वेष्टन नसलेल्या सुट्या मिनी वाट्या स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. याचा अर्थ भोपळ्यात गहू घातलाय असा होत नाही. वाटीबद्दल कंपनी जी हमी देते, ती भोपळ्याबद्दल देत नाही, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या घरात तेवढं पुरतं.

साताऱ्यात माझं मेडिकल होतं. गोळ्यांच्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाचण्यात माझं आयुष्य गेलं. नाव ओळखीचं असलं तरी पट्टी उलटी करून वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा दुकानाचा नियम होता. आता दुकान नाही. हिवाळ्यात मी न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे असते, आणि हॅलोवीनपासून ईस्टरपर्यंतचा चॉकलेटांचा सगळा हंगाम माझ्या डोळ्यांसमोरून जातो. तो नियम मी इथे आणलाय. सिलिॲक असलेलं मूल ज्यांच्या घरात किंवा नात्यात आहे, त्यांच्यासाठी तो सविस्तर सांगते.

आजार काय आहे

नातीची उंची वाढत नव्हती. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. पोटाची तक्रार फारशी नव्हतीच. डॉक्टरांनी रक्तातली टीटीजी नावाची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन तपासला, आणि निदान झालं.

सिलिॲकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल पोटभर जेवलं तरी अंगी लागत नाही. ग्लूटेन हे गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे. आपला रवा, मैदा, कणीक, शेवया, दलिया हे सगळं गव्हाचंच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा यांत ते नसतं. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यांतल्या पुष्कळांना तो असल्याचं माहीतच नसतं. भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत तो अधिक दिसतो.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि त्यांची ही आजारी मुलं सुधारू लागली. पुढे पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. 1950 मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला. आजही या आजारावर गोळी नाही. ग्लूटेन पूर्ण बंद करणं हाच उपचार आहे, आणि तो जन्मभराचा आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलाला सिलिॲक असेल अशी शंका आली तर आधी तपासणी करा, मग गहू बंद करा. गहू आधीच थांबवला तर रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते आणि निदान लांबतं.

किती चालतं

‘एवढ्याशा चॉकलेटाने काय होतंय?’ हा प्रश्न मला साताऱ्यातही विचारतात आणि एडिसनलाही. त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार एका किलोत 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेला पदार्थ ग्लूटेनमुक्त म्हणवला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये हीच मर्यादा नियमात घातली, आणि भारताच्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही मर्यादा हीच आहे. म्हणजे 40 ग्रॅमचं ग्लूटेनमुक्त चॉकलेट खाल्लं, तर त्यातून जास्तीत जास्त 0.8 मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाईल. आपल्या एका पोळीत साधारण 2 ते 3 ग्रॅम असतं. इटलीतल्या एका अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तर आतड्याला इजा झालेली दिसली. 50 मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग.

तेव्हा वेफरचा एक तुकडा ही छोटी गोष्ट नाही. खाल्ल्यावर पोट दुखलं नाही, एवढ्यावर विसंबताही येत नाही. कित्येक मुलांना वरून काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालू राहते. माझी नात त्यांतलीच आहे. तिचं पोट तिला वेळेवर सांगत नाही, म्हणून आम्हाला पाकिटाला विचारावं लागतं.

चॉकलेटात ग्लूटेन शिरतं कसं

साध्या चॉकलेटात कोको, कोकोचं लोणी, साखर, दुधाची पावडर आणि थोडं सोयाचं लेसिथिन असतं. यांतल्या कशातही ग्लूटेन नाही. ते तीन वाटांनी आत येतं.

पहिली वाट उघड आहे. वेफर, बिस्किट, केकचा चुरा. किटकॅट, ट्विक्स, फेरेरो रोशे यांत गहू आहे आणि अमेरिकेत तो पाकिटावर लिहावाच लागतो, कारण 2004 च्या कायद्याने गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला आहे.

दुसरी वाट बार्लीची, आणि माझ्या मते सर्वांत फसवी. अमेरिकेच्या त्या कायद्यात गहू आहे, बार्ली आणि राय नाहीत. त्यामुळे पाकिटाखालच्या ‘कंटेन्स’ या ठळक ओळीत गहू दिसला नाही, तरी वरच्या बारीक यादीत बार्लीचं मॉल्ट असू शकतं. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली, भाजलेली बार्ली. आपल्या बोर्नव्हिटा, हॉर्लिक्सची चव त्याचीच. अमेरिकेतल्या मिल्की वे चॉकलेटात वेफर नाही, बिस्किट नाही, फक्त मऊ नूगा आणि कॅरॅमल. तरी घटकांत ‘मॉल्टेड बार्ली’ आहे. व्हॉपर्सच्या गोळ्या तर मॉल्टच्याच. क्रंच चॉकलेटातले कुरकुरीत दाणे तांदळाचे, म्हणून ते चालतील असं वाटतं, पण त्यांना बार्लीचं मॉल्ट लावलेलं असतं. ईस्टरला सोनेरी कागदातला, गळ्यात घंटा बांधलेला लिंटचा ससा सगळीकडे मांडलेला असतो. साध्या दुधाच्या चॉकलेटचा पोकळ ससा, त्यात गहू कुठून येणार? पण इथल्या दुकानात मी वाचलेल्या सशाच्या घटकांत बार्लीच्या मॉल्टची पावडर होती.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये ग्लूटेन असलेली सगळी धान्यं घटकांच्या यादीत ठळक करून लिहावी लागतात. त्यामुळे तिथे बार्ली लगेच नजरेत भरते. भारताच्या 2020 च्या लेबलनियमांतही गहू, राय, बार्ली, ओट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. अमेरिकेत मात्र पूर्ण यादी वाचायला पर्याय नाही.

तिसरी वाट यंत्राची. सणांच्या चॉकलेटांचा प्रश्न मुख्यतः इथे आहे. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली तर पहिल्या पिठात गहू उतरणारच, म्हणून आपल्याकडे उपासाचं दळण वेगळं दळून घेतात. चॉकलेटच्या कारखान्यात अडचण याहून मोठी आहे, कारण तिथली यंत्रं सहसा पाण्याने धुता येत नाहीत. वितळलेल्या चॉकलेटात थोडं जरी पाणी गेलं तरी ते घट्ट होऊन बिघडतं. म्हणून नळ्या आणि टाक्या कोरड्या साफ करतात, किंवा त्यांतून नवं चॉकलेट किंवा कोकोचं लोणी सोडून आधीचं बाहेर काढतात. वेफरवर चॉकलेट चढवण्याच्या यंत्रात वेफर जाळीच्या पट्ट्यावरून सरकतात आणि वरून चॉकलेटचा पडदा पडत असतो. जास्तीचं चॉकलेट जाळीतून खाली जमतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. वेफरचा चुरा त्याच्याबरोबर फिरत राहतो. त्या यंत्रावर पुढे साधं चॉकलेट काढलं, तर त्याच्या घटकांत गहू लिहिलेला नसेल, पण आत असू शकेल.

नेहमीचं चॉकलेट वर्षभर ठरलेल्या यंत्रावर निघतं, म्हणून त्याची तपासणी आणि हमी कंपनीला सोपी जाते. सणाचा माल थोड्या आठवड्यांत, वेगळ्या साच्यांत आणि कित्येकदा वेगळ्या यंत्रावर किंवा दुसऱ्याच कारखान्यात निघतो. म्हणून आकार बदलला, लांबीरुंदी बदलली, ‘मिनी’ झालं, ‘लिमिटेड एडिशन’ आलं, की मागच्या माहितीला अर्थ उरत नाही. मागच्या वर्षी चाललेलं यंदाही पुन्हा वाचायचं.

हॅलोवीनची रात्र

31 ऑक्टोबरला मुलं वेष घालून दारोदार जातात आणि पिशव्या भरून आणतात. दिवाळी त्याच्या मागेपुढेच असते. चकली-चिवड्याचे डबे ओट्यावर आणि चॉकलेटांचा ढीग जमिनीवर, असं आमचं घर त्या दिवसांत असतं. फराळाचंही आम्ही पाहतो. करंजी, शंकरपाळे तर सोडाच, बाजारच्या बंधानी हिंगातही बहुधा मैदा असतो, म्हणून आमच्या चिवड्यात तो हिंग पडत नाही.

ढिगाची छाननी नात आणि मी मिळून करतो. घरातला नियम असा की छाननी होईपर्यंत एकही कागद उघडायचा नाही. ती वाचते, मी ऐकते आणि अडलं तिथे भिंग घेते. क्रम ठरलेला आहे.

आधी ‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द शोधायचे. अमेरिकेत हे शब्द छापायचे की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे, पण छापले तर 20 मिलिग्रॅमची मर्यादा पाळणं कायद्याने बंधनकारक आहे. वर्तुळातलं जीएफ हे जीएफसीओ संस्थेचं प्रमाणचिन्ह असेल तर आणखी चांगलं. त्यांची मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे.

ते शब्द नसतील तर ‘कंटेन्स’च्या ओळीत गहू आहे का पाहायचं. नसेल तर तिथे थांबायचं नाही. पूर्ण यादी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि बार्ली, मॉल्ट, राय, ओट हे शब्द शोधायचे. ओटमध्ये मुळात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि गोदामात त्यात गहू मिसळतो, म्हणून ग्लूटेनमुक्त म्हणून छापलेले ओटच चालतात.

शेवटी ‘मे कंटेन’ म्हणजे ‘असू शकेल’ची सूचना. त्यात गहू असेल तर चॉकलेट बाजूला. पण ही सूचना अमेरिकेत ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नसली तरी आत गव्हाचा अंश नसेलच असं ठरत नाही. घटक साधे आहेत, सूचना काहीच नाही, ‘ग्लूटेन-फ्री’ही नाही, अशा चॉकलेटासाठी मुलगी कंपनीचं संकेतस्थळ पाहते किंवा ग्राहकसेवेला फोन करते. उत्तर मिळेपर्यंत ते थांबतं.

खरी पंचाईत छोट्या तुकड्यांची. मोठ्या पिशवीतून वाटलेल्या तुकड्यांच्या कागदावर अनेकदा नुसतं नाव असतं. घटक पिशवीवर छापलेले असतात आणि पिशवी वाटणाऱ्याच्या घरी कचऱ्यात गेलेली असते. मोठ्या चॉकलेटचे घटक माहीत असले तरी ते छोट्यालाही लागू आहेत असं धरून चालायचं नाही. ख्रिसमसच्या आधी दारं उघडून रोज एक चॉकलेट खायचं कॅलेंडर मिळतं, त्याचंही तसंच. आतल्या तुकड्यावर काहीच नसतं, म्हणून बाहेरचा खोका शेवटच्या दिवसापर्यंत जपून ठेवायचा.

छाननीअखेर ढिगाचे तीन वाटे होतात: चालणारे, न चालणारे आणि शंकेचे. शंकेचा वाटा न चालणाऱ्यात जातो. मग मुलगी आणि जावई न चालणारं सगळं नातीकडून घेतात आणि त्याच्या बदल्यात तिला चालणारी, आधीच आणून ठेवलेली चॉकलेटं देतात. या अदलाबदलीला मी फार मोल देते. आजाराने तिची पोळी गेली, वर्गातल्या वाढदिवसाचा केक गेला. सणाच्या रात्री तिचा हात रिकामा राहता कामा नये. मैत्रिणी खातात तेव्हा तिनेही खावं, आणि निर्धास्तपणे खावं.

काही घरांच्या पायरीवर हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवलेला असतो. टेनेसी राज्यात सुरू झालेला हा उपक्रम अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या एफएआरई या संस्थेने 2014 मध्ये देशभर नेला. या घरी चॉकलेटऐवजी पेन्सिल, स्टिकर, चेंडू असं काही मिळेल, अशी ती खूण. तो भोपळा दिसला की नात धावत जाते. तिथून आणलेली पेन्सिल किंवा स्टिकर तपासावं लागत नाही.

आपल्याकडे पाठवताना, आणताना

अमेरिकेहून मायदेशी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत चॉकलेटं असतात. मोठी पिशवी फोडून नातेवाइकांना मूठमूठ वाटली जातात. नात्यात ग्लूटेन न चालणारं मूल असेल तर त्याच्यासाठी ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं वेगळं, बंद पाकीट आणा. पिशवीच फोडायची असेल, तर घटकांचा भाग कापून तुकड्यांबरोबर त्या घरी द्या किंवा त्याचा फोटो आधी पाठवा. ‘घ्या हो, अमेरिकेचं आहे’ ही हमी होत नाही.

भारतात पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा ग्लूटेनशी काही संबंध नाही. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आणि गहू शाकाहारीच आहे. दिवाळी-राखीला घरोघरी कंपाउंड चॉकलेटचा स्लॅब वितळवून साच्यातली चॉकलेटं करतात. पाचगणी-महाबळेश्वरला गेलेली माणसं तिथून सुटी चॉकलेटं वजनावर आणतात. यांच्यावर लेबल नसतं. करणारी बाई कितीही स्वच्छ असली, तरी त्याच भांड्यात आणि त्याच उलथन्याने आधी बिस्किटाच्या चुऱ्याची चॉकलेटं केली असतील, तर पुढच्या घाण्यात तो चुरा जातो. मूल ज्यांच्या ओळखीचं आहे त्यांनी त्याच्यासाठी सगळ्यांत आधी, घासून कोरड्या केलेल्या भांड्यात, न फोडलेल्या स्लॅबचं लेबल वाचून वेगळी करून दिली, तर घरची चॉकलेटंही देता येतील. अनोळखी ठिकाणची सुटी चॉकलेटं मात्र या मुलांना देऊ नका.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. तिच्यात बार्ली चालू शकते, पण गव्हाचा कण ताबडतोब जिवावर बेतू शकतो. कुणाला नेमकं काय आहे ते त्या मुलाच्या आईला विचारा. दहा वेळा विचारलंत तरी ती कंटाळणार नाही. माझ्या मुलीला असा फोन आला की तिला आनंदच होतो, कारण न विचारता आणलेलं चॉकलेट प्रेमाने देणाऱ्याच्या हातात परत देणं हे तिच्या वाट्याचं सगळ्यात अवघड काम आहे.

लेबल वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ती दुकानात, विकत घेण्याआधी द्या. चॉकलेट नेहमीच्या आकारातलं घ्या, वर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं घ्या आणि पाकीट न फोडता मुलाच्या हातात ठेवा. ते मूल स्वतः वाचेल. माझी नात वाचायला शिकली ती अशा पाकिटांवर, आणि आता मॉल्ट हा शब्द ती माझ्याआधी शोधते.